काटखेडची कोळसाबंदी

काटखेडच्या डोक्यावर सातपुड्याचा पहिला डोंगर आहे. त्या साली दिवाळी सरेपर्यंत त्या डोंगराची पाठ गावातून उघडी दिसायला लागली. फुलांसाठी मोह तेवढा राखला होता. धावडा, खैर, तेंदू, जे जे चांगलं जळतं ते सगळं खाली आलं होतं.

दूर अमेरिकेत कुठं लढाई चालली होती म्हणे, आणि तिच्यापायी वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचं मोल आलं होतं. चांदूरच्या बाजारात कापूस टाकून आलेली गाडी रिकामी परतत नसे. बैलांना घुंगरमाळा आल्या, बायकांना काठाची लुगडी आली आणि दोन वर्षांत घरोघर शेगडी आली. जन्मभर चुलीच्या धुरात डोळे चोळणारी बाई चार निखाऱ्यांवर निवांत भाकर भाजू लागली. शेगडीला कोळसा लागे. म्हणून परसापरसात खड्डे खणले गेले. लाकूड रचायचं, पाल्यानं झाकायचं, वर चिखल लिंपायचा, एका भोकातून धूर काढून द्यायचा, तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोळसा तयार. घरात लागून उरला तर अमरावतीत नव्या हवेल्या बांधणाऱ्यांना तो हवाच होता.

या सगळ्यात नत्थुजी कोरडा राहिला. त्याचा जमिनीचा तुकडा डोंगराच्या पायाशी, निव्वळ बरड. त्यात कापसाची पऱ्हाटी गुडघ्यावर येत नसे. खुशालराव पाटलाच्या ओट्यावर लोक बाजारभावाच्या गोष्टी करत, हा खांबाला टेकून ऐके. मधेच कुणी विचारी, "नत्थुजी, तुमचा किती निघाला?" आणि उत्तराची वाट न बघता बाकीचे हसत. पोरगा शालिकराम होता, त्यानं बापाचा नाद सोडला आणि गाडी-बैल घेऊन बडनेऱ्याकडे गेला. तिकडे आगगाडीच्या पुलांसाठी विटांच्या भट्ट्या लागल्या होत्या. भट्ट्यांना लाकूड वाहून देणाऱ्या एका ठेकेदाराकडे तो लागला. घरी नत्थुजी, त्याची बायको पार्वताबाई आणि पोटुशी सून रुख्मिणी.

कार्तिकात जंगलाचा साहेब आला. आंब्याखाली तंबू पडला. गावातली माणसं जमली तेव्हा साहेब आपल्या बोलीत बोलला आणि चांदूरच्या गुलाम नबी मुन्शीनं ते सांगितलं. डोंगर उघडा पडला की पाणी थांबत नाही, नाले आटतात, मग पाऊसही फिरकत नाही. गावोगावच्या शेगड्या डोंगर खाऊन राहिल्या आहेत. आजपासून घरी कोळसा पाडायचा नाही, शेगडीत जाळायचा नाही. लोहाराला परवाना मिळेल. बाकीच्यांनी गोवऱ्या जाळाव्या, पऱ्हाट्या जाळाव्या.

लोक खाली मान घालून ऐकत होते. नत्थुजी मात्र साहेबाच्या तोंडाकडे बघत होता. लहानपणी बोरनाल्यात तो चैतापर्यंत डुंबला होता. आता कार्तिकातच नाल्याचे गोटे उघडे पडत. हे त्याला कधीचं दिसत होतं, पण त्याचं ऐकतो कोण. आज एवढा मोठा माणूस तंबू ठोकून तेच सांगत होता.

मुन्शीनं विचारलं, "या डोंगरातलं झाड न् झाड कोनाले मालूम आहे?"

कुणीतरी थट्टेनं म्हटलं, "नत्थुजीले. त्याले दुसरं काम काय हाय."

असा नत्थुजी रखवालदार झाला. चामड्याचा पट्टा, वर पितळी बिल्ला. त्या दिवशी घरी येऊन त्यानं बिल्ला राखेनं घासला आणि पार्वताबाईला म्हणाला, "आपल्या घरात आजपासून कोयसा नाई. एक खांडूकबी नाई."

"शेगडी होती कधी आपल्या घरी?" ती म्हणाली.

*

पहिल्या महिन्यात त्यानं अकरा खड्डे बुजवले. लोक आधी हसले, मग विनवू लागले, मग बोलेनासे झाले. पाटलाच्या घरची पितळी कड्यांची शेगडी त्यानं भर दुपारी उचलून चावडीवर नेली. पाटलीण दारात उभी होती. खुशालराव ओट्यावर सुपारी कातरत बसला होता. त्यानं मान वर केली नाही, अडकित्ता मात्र थांबला. शेगडी डोक्यावर घेऊन नत्थुजी पाटलाच्या वाड्यासमोरून चालत गेला तेव्हा त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. ओट्यावर त्या दिवशी कोणी हसलं नाही.

गोदाबाईचा खड्डा बारावा. गोदाबाई म्हणजे गावची सुईण, नवरा मरून दहा वर्षं झालेली. बाळंतपणं काही रोज होत नाहीत. पोट कोळशावर चाले. तिनं खड्डा कडब्याच्या गंजीमागं केला होता, पण मातीच्या लिंपणातून निळसर धूर निघतोच. नत्थुजीनं तो नाल्यापलीकडून हेरला.

"गोदाबाई, उघड."

"उद्या सकाळी उघडतो, भाऊ. आज कच्चा हाय. आज हवा लागली तर सारी राख होते."

"म्हणूनच आज उघड."

"हे शेवटलं हाय. देवाची शपथ घालतो तुमाले, यानंतर नाई पाडत."

"सारे असंच म्हणते."

त्यानं फावड्यानं लिंपण फोडलं. हवा लागताच आतली लाकडं लाल झाली. पाण्याची घागर तो बरोबर घेऊनच आला होता. ती उचलून ओतणार तोच गोदाबाईनं दोन्ही हातांनी घागर धरली. दोघांची ओढाताण झाली. घागर खड्ड्याच्या काठावर आपटून फुटली, सगळं पाणी एकदम आत गेलं आणि फस्सकन वाफ वर आली. नत्थुजी मागं सरला. गोदाबाई वाकलेली होती, तिचे हात कोपरापर्यंत वाफेत होते.

ती ओरडली नाही. हात अंगापासून लांब धरून खाली बसली आणि कण्हू लागली. कातडी बघता बघता पांढरी पडून सुरकुतली.

"म्या काई केलं नाई," नत्थुजी म्हणाला. "तूच धरली घागर."

आजूबाजूच्या बाया जमल्या. एकीनं पळत जाऊन गोडंतेल आणलं. नत्थुजीनं राहिलेले निखारे फावड्यानं ओल्या मातीत कालवले, खड्डा बुजवला, पायानं दाबला आणि मग गेला. घरी पार्वताबाईला कळलं होतं. तिनं ताट वाढलं, पाणी ठेवलं आणि त्याच्याकडे पाठ करून बसली.

"सुनेले सातवा लागला," ती भिंतीला सांगितल्यासारखी म्हणाली. "या गावात सुईण एकच हाय."

*

पुसात थंडी पडली, आणि थंडीतच चार दिवस अवकाळी पाऊस लागला. वेचायचा कापूस झाडावर भिजून पिवळा पडला. घरोघर रचलेले गोवऱ्यांचे ढीग भिजले. गोवऱ्या तशाही कमीच होत्या. कुरणं नांगरून कापूस पेरला होता, ढोरं कमी केली होती, आणि जे बैल होते त्यांचं शेण सडकेवर पडत होतं. मागच्या सालच्या पऱ्हाट्या संपलेल्या, यंदाच्या अजून शेतात उभ्या. लोक ओल्या गोवऱ्या फुंकत आणि नत्थुजीला शिव्या देत.

पावसाच्या तिसऱ्या दिवशी रुख्मिणीच्या पोटात कळ आली. आठवा महिना होता. पार्वताबाई डोक्यावर पोतं घेऊन गोदाबाईच्या दारी गेली आणि पागोळ्यांखाली उभी राहिली. हाक मारायला तिचं तोंड उघडेना.

गोदाबाईनंच आतून पाहिलं. हातांना तेलाच्या चिंध्या गुंडाळलेल्या.

"किती येय झाला?"

"सकायपासून."

"चाल." उठता उठता गोदाबाई म्हणाली, "पोटातल्या जिवानं माहं काय केलं."

तिची बोटं वळत नव्हती. पुष्कळ काम तिनं सांगायचं आणि पार्वताबाईनं करायचं असं झालं. दिवस मावळायच्या आत रुख्मिणी मोकळी झाली. मुलगी. ओंजळीत मावेल एवढी, अंगावर लव, रडणं मांजराच्या पिलासारखं. गोदाबाईनं तिला पोटाशी धरलं, पाय चोळले, तरी तळवे निळेच.

"हिले ऊब पाह्यजे," ती म्हणाली. "रातंदिवस. जराबी गार झाली का गेली."

चुलीत गोवरी होती, पण ओल्या गोवरीचा धूर खोलीत कोंडला आणि मुलगी ठसकून काळीनिळी झाली. दार उघडलं तर वारा. पार्वताबाई पाटलाच्या घरी गेली. पाटलिणीनं पदरभर रुई दिली. त्या रुईत मुलीला गुंडाळलं. रुईसुद्धा दमट होती. सकाळी गोदाबाई आपल्या घरी गेली आणि पदराखाली पाटी झाकून आली. कोळसा तिनं कुठल्याशा रांजणात लपवला होता. फुटक्या मडक्याच्या बुडात निखारे केले, ते बाजेखाली ठेवलं. धूर नाही, जाळ नाही. तासाभरात खोली उबदार झाली. मुलीनं तोंड हलवलं. रुख्मिणीनं बोटानं दुधाचा थेंब तिच्या ओठाला लावला, तो तिनं चाटला.

नत्थुजी डोंगरातून भिजून आला तेव्हा त्याला बाहेरूनच तो वास आला. खोलीच्या दाराशी तो उभा राहिला. बाजेखाली लाल उजेड होता. पार्वताबाईनं त्याच्याकडे पाहिलं.

"आठ दिस," ती म्हणाली. "मंग फेकून देतो. तुमी पाह्यलंच नाई असं समजा."

तो दारातून मागं सरला. अंगरखा पिळून ओसरीत बसला. त्यानं खरोखरच न पाहिल्यासारखं करायचं ठरवलं होतं. आतून मुलीचा बारीक आवाज येत होता आणि तो आवाज त्याला आवडत होता.

पण गोदाबाईची पाटी कुणीतरी पाहिली होती. थोड्या वेळात खुशालराव पाटील आला, मागे पाच-सहा माणसं. ज्यांच्या ज्यांच्या परसातले खड्डे बुजले होते ते सगळे. पोती पांघरून ते अंगणात, पावसात उभे राहिले.

"नत्थुजी," पाटील हळूच म्हणाला, "तुमच्या घरातून निखाऱ्याचा वास येऊन राहिला."

नत्थुजी उठून उभा राहिला. कमरेला पट्टा होताच.

"सून बायतीन हाय," तो म्हणाला.

"हाव. ठाऊक हाय आमाले. देवानं चांगलं करावं." पाटील थांबला. "आमी काई पोट्टीच्या वाईटावर नाई आलो. आमाले फक्त एक बोल पाह्यजे. एवढंच म्हना, का घराघरात गरज असते, अन् माह्या हातून जास्ती झालं. म्हना, आमी चाललो. मुन्शीले कोनी सांगत नाई."

मागून एक जण म्हणाला, "गोदाबाईचे हात पाह्यले का?"

दुसरा म्हणाला, "बोलते कसा तो. साहेबाचा मानूस हाय."

आणि कोणीतरी हसलं. मोठ्यानं नाही, ओट्यावर हसत तसंच, नाकातून.

नत्थुजीच्या कानशिलात रक्त चढलं. आत गेला. गोदाबाई बाजेशी बसली होती. तो खाली वाकला आणि धोतराचा सोगाही न घेता उघड्या हातांनी त्यानं ते मडक्याचं बूड बाजेखालून ओढलं. बोटं भाजली, ते त्याला नंतर कळलं.

"मामाजी," रुख्मिणी म्हणाली. सासऱ्याशी ती कधी बोलत नसे. "मामाजी, असू द्या. तिचे पाय आता कुठे गरम झाले."

पार्वताबाई दारात आडवी आली. त्यानं तिला खांद्यानं ढकललं. बाहेर येऊन त्यानं निखारे अंगणातल्या चिखलात उलटे केले. पाऊस त्यांच्यावर पडत राहिला, ते चरचरत काळे झाले. मग तो परत आत गेला, उरलेली पाटी आणली आणि तीही ओतली. कोळसा पायाखाली तुडवला.

"पाह्यलं?" तो म्हणाला. "नत्थुजीच्या घराले येगळा कायदा नाई."

माणसं जागच्या जागी थिजली होती. खुशालरावाचं तोंड उघडं पडलं.

"आमी असं करा म्हनलो नोतो," तो म्हणाला. "अरे, फक्त एक बोल..."

तो वळला आणि झपझप निघून गेला. त्याच्या घरून पाटलिणीनं दोन घोंगड्या पाठवल्या. त्या दिवसभर आणि दुसऱ्या दिवसभर पार्वताबाई, गोदाबाई आणि रुख्मिणी आळीपाळीनं मुलीला उघड्या छातीशी घेऊन घोंगडीखाली पडून राहिल्या. तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती रुख्मिणीच्या अंगावर गार झाली. रुख्मिणीला आधी कळलं नाही. आपलंच अंग गार पडलंय असं तिला वाटलं.

*

पुरायला नत्थुजी एकटाच गेला. सोबत कोणी आलं नाही आणि त्यानं कोणाला बोलावलंही नाही. नाल्याच्या काठी त्यानं कुदळ घातली. चार दिवस पाऊस पडून गेला होता, तरी वीतभर माती ओली आणि खाली सगळी कोरडी, ढेकळं फुटत होती. पाणी नुसतं वरून वाहून गेलं होतं. गुडघाभर खड्ड्यात उभा राहून नत्थुजीनं ती कोरडी माती मुठीत घेतली आणि त्याच्या मनात आलं, साहेब खरं बोलला. झाडं नाहीत म्हणून पाणी मुरत नाही. या विचारानं त्याला धीर आला. मग त्याला आपल्याच धीराची भीती वाटली, आणि त्यानं घाईघाईनं खड्डा बुजवून वर काटे-दगड रचले.

पाच दिवसांनी शालिकराम आला. ठेकेदारानं आता याच डोंगराच्या मागच्या अंगाला तोड धरली होती. सरकारी परवान्यानं दिवसाला वीस-वीस गाड्या धावडा आणि साग खाली जात होता. नाक्यावर परवाने तपासायचं काम नत्थुजीकडे आलं होतं. पहिल्याच दिवशी त्यानं मुन्शीला विचारलं होतं, "मुन्शीजी, एवढी झाडं?"

"वो सरकारी काम है, नत्थुजी," गुलाम नबी म्हणाला. "निशान केलेलं झाड तोडते, गिनती होते. जंगल मरते ते घराघरातल्या चिमटी चिमटीनं. उसका हिसाब कोण ठेवते?" बोलता बोलता त्यानं नजर दुसरीकडे वळवली.

शालिकरामला सगळं गावातच कळलं होतं. तो ओसरीत आला, आत बायकोजवळ जाऊन बसला, बऱ्याच वेळानं बाहेर आला. नत्थुजी वाट बघत होता. पोरगा अंगावर येईल, शिव्या देईल, असं त्याला वाटलं होतं. त्यासाठी त्यानं उत्तरंही जुळवून ठेवली होती.

"बैलाले पेंड हाय का घरात?" शालिकरामनं विचारलं.

"हाय."

त्यानं पेंड घेतली, बैलांपुढं टाकली आणि कामावर गेला.

रुख्मिणीचं दूध आटेना. पिणारं तोंड नव्हतं आणि छाती दगडासारखी झाली. मग ताप चढला. एका अंगावर लाल गाठ आली, तिला हात लावू देईना. गोदाबाई आली, बघून म्हणाली, "शेक पाह्यजे. घडीघडीले, निखाऱ्यावरचा. नाई तर आत पू होते, अन् मंग माह्या हातात काई नाई."

पार्वताबाईनं ऐकलं. सकाळी उठून तिनं कासोटा आवळला, विळा आणि कुऱ्हाड घेतली आणि डोंगराच्या वाटेला लागली. आयुष्यात तिनं कुऱ्हाड कधी हाती घेतली नव्हती. दुपारी धावड्याच्या फांद्यांची मोळी घेऊन आली, तळहात सोलपटलेले. घराच्या मागं नाही, पुढच्या अंगणात तिनं खड्डा खणला. लाकूड रचलं, पाला घातला, चिखल लिंपला, भोक ठेवलं आणि पेटवून दिलं. शेजारपाजारच्या बाया दारात येऊन बघत राहिल्या. धूर सरळ वर गेला.

नत्थुजीनं तो नाक्यावरून पाहिला. कोणाच्या अंगणातून निघतोय ते त्यानं दोनदा, तीनदा ताडून बघितलं. मग आला.

पार्वताबाई खड्ड्याशी बसली होती.

"कोनाले इचारून केलं?"

"कोनाले इचारायचं होतं?"

"मुन्शी नाक्यावर बसून हाय. त्यानं पाह्यला धूर."

"मंग जा, माहं नाव सांगा त्याले. कोयसा परवापर्यंत होते. तोवर हात लावू देत नाई मी." ती शांतपणे बोलत होती. मांडीवर कुऱ्हाड होती. "एक जीव नेला तुमी. हा नेऊ देत नाई."

नत्थुजी उभा राहिला. त्याला वाटलं, बसावं तिच्याजवळ. भोकातून धूर नीट जातो की नाही बघावं. एका अंगाला लिंपण पातळ होतं, तिथं हात फिरवावा. गुडघे वाकायलाही लागले होते. पण मग दुसरं मनात आलं. आज हा खड्डा चालला, तर त्या दिवशी ते निखारे का चालले नाहीत? आज तो खाली बसला तर त्या मुलीला त्यानं उगीच मारलं, असं ठरत होतं. ते त्याला सोसणारं नव्हतं.

त्यानं खड्ड्याला हात लावला नाही. परत नाक्यावर गेला आणि मुन्शीसमोर उभा राहिला.

"लिवा. पार्वताबाई. काटखेड. अंगणात भट्टी."

गुलाम नबीची लेखणी दौतीत थांबली. "ही कोण?"

"माही बायको."

"नत्थुजी, मैंने कुछ देखा नहीं. धूर होता, चुलीचा असेल. जा घरी."

"लिवा म्हनतो ना."

मुन्शी त्याच्याकडे बघत राहिला. त्याच्या तोंडावर जे होतं त्याला नत्थुजी आदर समजला. मग मुन्शीनं लिहिलं.

*

कोळसा झाला. रुख्मिणीला शेक मिळाला, गाठ फुटली, ताप उतरला. पार्वताबाईला दंड म्हणून पंधरा दिवस ठेकेदाराच्या लाकूडतळावर बिनमजुरीचं काम लागलं. तोडलेली लाकडं उतारावरून डोक्यावर घेऊन खाली आणायची आणि गाड्यांपाशी टाकायची. तळ नाक्याला लागूनच होता. नत्थुजी बिल्ला लावून उभा असायचा आणि त्याच्यासमोरून ती दिवसाला तीस-तीस खेपा करायची. पहिल्या दिवशी चुंबळ सरकून तिच्या कानामागं सोललं. चौथ्या दिवशी ती ओणवी चालू लागली. ओंडका टाकून वळताना तिची नजर नत्थुजीवरून जाई, जशी ती नाक्याच्या आडव्या बांबूवरून जाई. बाकीच्या मजुरणी तिला हलकं लाकूड पुढं करत; ती घेत नसे.

आठव्या दिवशी त्यानं तिच्यापुढं पाण्याचा तांब्या धरला. तिनं खांदा वळवून वाट काढली आणि नाल्यातल्या डबक्याशी जाऊन ओंजळीनं प्याली.

पंधरावा दिवस भरला तेव्हा मुन्शीनं तिला सांगितलं, "बाई, तुमचं झालं. जा घरी."

ती घरी गेली आणि घंटाभरात रुख्मिणीला घेऊन परत आली. दोघींच्या डोक्यावर गाठोडी होती. शालिकरामची गाडी भरून रांगेत उभी होती, पुढं सहा गाड्या, मागं सात. बडनेऱ्याला विटांच्या भट्टीवर बायांना काम होतं. शालिकरामनं आईला हात देऊन लाकडांवर चढवलं, मग बायकोला. रुख्मिणी अजून वाकून बसायची. तिच्या पाठीला टेकायला त्यानं एक धावड्याचा दांडका आडवा बसवून सुंभानं बांधला होता.

गाड्या एकेक करून नाक्याशी येत होत्या. नत्थुजी परवाना घेई, लाकडं मोजी, बांबू वर करी. शालिकरामची गाडी आली. पोरानं परवाना पुढं केला.

"कुठे चालल्या या?" नत्थुजीनं विचारलं. त्याला दिसत होतं, तरी विचारलं.

"माह्याबरोबर."

"परत कधी?"

शालिकराम बैलांच्या जुवाकडे बघत राहिला. नत्थुजी गाडीच्या बाजूला गेला. पार्वताबाई वर बसली होती, पाय लोंबत होते, पोटऱ्यांवर ओरखडे होते. तिचा पाय त्याच्या तोंडाशी होता. त्याला तो धरावासा वाटला. मागचे गाडीवान जुवावरून वाकून बघत होते. मुन्शीही लिहायचं थांबला होता.

नत्थुजी लाकडं मोजू लागला. बोट लावून, एकेक. परवान्यावर वीस होती.

"एकवीस भरते," तो म्हणाला.

"ते टेकायले लावलं, बावा," शालिकराम म्हणाला. "दांडका हाय."

"धावडा हाय. परवान्यात नाई."

नत्थुजीनं सुंभ सोडलं. गाठ पक्की होती, त्याला दातांनी धरावी लागली. दांडका ओढला तशी रुख्मिणीची पाठ मागं गेली. ती एकदम कलंडली आणि तिनं छाती धरली. पार्वताबाईनं तिला कवेत घेतलं, आपल्या अंगाशी टेकवून बसवलं आणि सुटलेलं सुंभ गोळा करून कनवटीला खोचलं.

"हाक," ती पोराला म्हणाली.

नत्थुजीनं बांबू वर केला. गाडी गेली. दांडका अजून त्याच्या हातात होता. तो घेऊन त्यानं पुढच्या गाडीवानाचा परवाना मागितला.